आमच्या पिंपळगावात द्राक्षं कधी पिकायला लागली? (डिजिटल लेकरं आणि डिजिटल मास्तर)

खडूफळा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी मराठवाड्यात झेडपीच्या शाळेवर आहे. सातवी-आठवीला इतिहास-भूगोल, शिवाय जो विषय उरेल तो माझ्या गळ्यात. गावाचं नाव पिंपळगाव, पुढचं शेपूट सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीत 'माझ्या गावाची ओळख' असा दोन पानांचा प्रकल्प दिला होता. सुट्टी संपल्यावर ३१ वह्या आल्या आणि त्यातल्या ९ वह्यांत लिहिलंय की आमचं गाव निफाड तालुक्यात असून येथील द्राक्षे, कांदा व टोमॅटो प्रसिद्ध आहेत, मोठी बाजार समिती आहे आणि गावाजवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो!

ते पिंपळगाव बसवंत हो, नाशिक जिल्ह्यातलं. आमच्याकडं कापूस, सोयाबीन, आणि पावसानं कृपा केली तर तूर. हायवे बघायचा तर एसटीनं पाऊण तास जावं लागतं.

एका पोरीला वही घेऊन जवळ बोलावलं. हुशार आहे, पहिल्या तिनात असते. म्हटलं बाई, तुझ्या बापाची द्राक्षबाग दाखव की एकदा. ती म्हणे सर, आमच्यात कापूस हाय. मग हे काय लिहिलंस? तर शांतपणे म्हणाली, सर मोबाईलात तसंच आलंय.

मला तिचा राग आला नाही, पण ते 'तसंच आलंय' डोक्यातून जाईना. आपल्या दारातलं शेत डोळ्यांनी दिसतंय आणि तरी लिहिताना मोबाईल खरा, शेत खोटं. बरं तिला फोन येत नाही म्हणावं तर माझ्या फोनचं हॉटस्पॉट बिघडलं की हीच नीट करून देते, गाण्यावर फोटो बसवून व्हिडिओ करते ते वेगळंच.

प्रथम संस्थेचा असरचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. ८२ टक्के म्हणाले स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात अभ्यासाचं काहीतरी केलेलं, आणि सोशल मीडिया ७६ टक्क्यांनी. म्हणजे फोन शिकवायची गरज उरलेली नाही, ते काम रील्सनी फुकटात केलंय. मग आपण नेमकं काय शिकवायचं?

आणि निम्मा गुन्हा माझाही आहे. गूगलवरून उतरवता येईल असाच विषय मी दिला. तर तुमच्या मते आजच्या लेकराला आणि आजच्या मास्तराला काय यायला पाहिजे? कृपया ॲपची नावं सांगू नका, ॲप माझ्या फोनमध्ये ढीगभर आहेत आणि दर महिन्याला वरून नवीन येतं.

तिरकस

आधी पोटभर हसून घेतो. गुरुजी, तिकडे निफाडातल्या एखाद्या पोरानं तुमचा कापूस लिहून दिला नाही ना तेवढं बघा, म्हणजे फिट्टंफाट.

(हा धागा चालणार. चहा घेऊन बसलोय.)

निवृत्त_हेडमास्तर

माझे मत स्पष्ट आहे. दहावीपर्यंत मुलाच्या हाती मोबाईल देऊ नये. आम्ही भिंतीवरच्या नकाशावर तालुका शिकवला, एकाही मुलाने आपले गाव दुसऱ्या जिल्ह्यात नेले नाही. पाढे गेले, अक्षर गेले, आता गावही गेले. कोविडमध्ये नाईलाज होता, तो संपला. यंत्र घरी ठेवा.

माहेरवाशीण

काका आदर ठेवून असहमत. आमच्या वेळी मोबाईल कुठे होता? तरी 'माझा आवडता पक्षी' लिहिला की सगळ्या वर्गाचा मोर असायचा कारण निबंधाच्या पुस्तकात मोरच होता. माझ्या तर अंगणात रोज चिमण्या यायच्या पण चिमणी लिहायची हिंमत नव्हती, मार्क गेले असते ना. म्हणजे उतरवायची सवय शाळेनंच लावली, आता फक्त पुस्तक बदललंय. पूर्वी एकाच गाईडमधून सगळा वर्ग उतरवायचा म्हणून बाई ओळखायच्या तरी, आता प्रत्येकाचं गाईड वेगळं.

झेरॉक्सवाला

तालुक्याच्या ठिकाणी माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, १४ वर्षं झाली. मास्तर तुम्ही वह्या तपासता, मी तीच पोरं पुढे अकरावी बारावीला बघतो, तर माझ्याकडून ऐका खरी परिस्थिती.

अकरावीचे ऑनलाईन प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, पोलीस भरती, सगळं पब्लिक माझ्याकडे. पोरगं येतं, हातात आयफोनसारखा दिसणारा फोन, आणि म्हणतं दादा फॉर्म भरा. म्हटलं ईमेल आयडी सांग, तर म्हणतं नाही माहिती. अरे फोन चालू करताना टाकलाय ना, तर म्हणतं ते दुकानवाल्यानं टाकला. म्हणजे ज्याच्यावर ह्याचा सगळा संसार आहे तो आयडी मोबाईल विकणाऱ्याच्या नावाचा! मग घाईत मीच नवीन काढून देतो, पासवर्ड मीच ठेवतो, पोरगं पैसे देऊन जातं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येतं तेव्हा आधार ज्या नंबरला लिंक आहे ते सिमकार्ड बापानं कधीच फेकलेलं, ओटीपी येतो कुठं कुणाला ठाऊक, आणि शिष्यवृत्ती बोंबलली की शिव्या मला.

डॉक्युमेंटची तर वेगळीच मजा. उत्पन्नाचा दाखला गादीवर ठेवून रात्री ट्यूबलाईटखाली फोटो काढतात, अर्ध्या दाखल्यावर स्वतःच्याच डोक्याची सावली, तो व्हॉट्सॲपवर मला पाठवतात. साईट मागते पीडीएफ, अमुक केबीच्या आत, सहीचं चित्र वेगळं. पोराला विचारलं केबी म्हणजे काय तर गप. बारावी सायन्सचं पोरगं बरं का. फाईल कुठे सेव्ह झाली ते माहीत नाही, कारण त्याला फोल्डर हा प्रकारच माहीत नाही, त्याला फक्त 'गॅलरी' माहीत आहे.

माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय पण हे चार दिवसांचं काम आहे हो. स्वतःचा ईमेल स्वतः काढणं, पासवर्ड स्वतः लक्षात ठेवणं, कागद सरळ स्कॅन करणं, पीडीएफ बारीक करणं, फाईलला नाव देणं. आठवीत शिकवा, कशाला पाहिजे एआय नि फेआय.

खडूफळा

@झेरॉक्सवाला दादा, कान टोचलेत बरोबर. मी स्वतः फाईलला 'नवीन १', 'नवीन १ फायनल', 'फायनल खरं' अशी नावं देतो हे इथंच कबूल करून टाकतो.

तिरकस

'फायनल खरं' वारलो 😂

कळफलक

पुण्यात डीटीपी आणि छपाईचं काम आहे माझं. ह्यात एक मुद्दा कुणीच काढला नाही, मराठी टायपिंग.

दर सहामाहीला शाळांच्या प्रश्नपत्रिका येतात छापायला. गुरुजींनी जुन्या फॉन्टात टाईप केलेली असते, कृतिदेव, शिवाजी, काय हाताला लागेल ते. माझ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा चिवडा दिसतो. कारण त्या फाईलमध्ये मराठी नसतंच मुळी, आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त वरून मराठी कपडे घातलेले. फॉन्ट गेला की कपडे गेले. तो मजकूर ना शोधता येत, ना फोनवर वाचता येत, ना आंधळ्या मुलाला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत. युनिकोडमध्ये तसं होत नाही, तिथे 'क' हा 'क'च असतो, कुठल्याही मशीनवर न्या.

आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका, मुलांनाही शिकवा. पंधरावीस दिवस त्रास होतो, मग हात बसतो. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी लिहिणारी पिढी 'ळ' आणि 'ण' विसरत चाललीय असं माझं निरीक्षण, पटत नसेल तर तुमच्या फॅमिली ग्रुपवर बघा.

माहेरवाशीण

आमच्या फॅमिली ग्रुपवर 'ण' कधीच नव्हता, आम्ही कोकणातले 😄 पण मुद्दा पटला.

गणिताच्या_बाई

मी हायस्कूलला शिकवते, शहरात. @झेरॉक्सवाला, एआयला फेआय म्हणून सोडून देता येणार नाही हो. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरला, आणि पुढच्याच वर्षापासून माझ्या वर्गातला गृहपाठ अचानक फार सुंदर मराठीत यायला लागला. 'सदर उदाहरणाचे निरीक्षण करता असे आढळून येते की'. अरे तू काल मला 'बाई हे आडवं कापायचं का' असं विचारत होतास!

सीबीएसईनं २०१९ पासून नववीला एआय विषय ठेवलाय, चांगलंच आहे, पण मला वेगळा विषय नको वाटतो. मी एकच केलं. चक्रवाढ व्याजाची पाच उदाहरणं चॅटबॉटकडून सोडवून घेतली, पाचही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि मुलांना सांगितलं यात एक चूक आहे, शोधा. (एक खरंच चुकलं होतं, शेवटच्या सहा महिन्यांचं व्याज धरलंच नव्हतं, वर छातीठोकपणे 'म्हणून उत्तर' वगैरे.) त्या तासाला कुणीही पाणी प्यायला बाहेर गेलं नाही. मास्तरणीची चूक काढायला मिळत नाही ना कधी, मशीनची तरी काढू देत.

मग त्यांना समजावलं की हे यंत्र पुस्तक उघडून बघत नाही, ढीगभर मजकूर वाचून ह्या शब्दापुढे कुठला शब्द शोभेल ते सांगतं. शोभतं म्हणजे बरोबर असतंच असं नाही. लग्नातल्या त्या एका मामांसारखं, ज्यांना सगळ्यातलं सगळं माहीत असतं.

शिक्षकांचं म्हणाल तर आमच्या स्टाफरूममध्ये वार्षिक नियोजन आता सगळे त्याच्याकडूनच लिहून घेतात आणि मुलांना मात्र कॉपी करू नका सांगतात. मीही घेतलंय, खोटं कशाला बोलू.

निवृत्त_हेडमास्तर

बाई, चूक शोधण्याचा प्रयोग आवडला. परंतु त्यासाठी आधी मुलाला चक्रवाढ व्याज यावे लागते. ज्याला गणित येत नाही तो यंत्राची चूक कशी काढणार? म्हणजे पुन्हा पाढेच.

गणिताच्या_बाई

सर, हे शंभर टक्के मान्य. हाच तर प्रॉब्लेम आहे, ज्याला येतं त्याच्या हातात ते हत्यार आणि ज्याला येत नाही त्याच्या हातात कुबडी.

उत्तरेकडची

मी स्टॉकहोमला असते, मुलगा इथे चौथीत. स्वीडन म्हणजे सगळं टॅबलेटवर असा भारतात समज आहे, तर सांगायचं म्हणजे इथे २०२३ पासून सरकारच उलटं फिरलंय, शाळांना छापील पुस्तकं घ्यायला जादा पैसे दिले, लहान वर्गांत स्क्रीन कमी करा म्हणतायत, हातानं लिहा म्हणतायत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली अगं मग आमच्या झेडपीच्या शाळा पुढारलेल्याच होत्या की.

पण एक गोष्ट इथे आवडली. मुलाला घरी एक काम दिलं होतं, एकाच बातमीचे दोन मथळे आणायचे आणि हे कुणी लिहिलंय, त्याला त्यातून काय मिळतं, असं आईबाबांशी बोलून यायचं. मुलगा मला विचारतो आई तू मला जो व्हिडिओ दाखवलास (हळदीचा होता, घरगुती उपायांचा) तो कुणी बनवला? मला सांगता येईना. फॉरवर्ड होता.

आडवाटेचा_प्रवासी

फॉरवर्डवरून आठवलं. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एका सरांकडून लग्नपत्रिका आली, पण फाईलच्या शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल. पत्रिकेला एपीके कशाला? पण कोण बघतो, सरांच्या नावानं आलीय म्हणजे सरांच्या मुलीचं लग्न. आमच्या मुख्याध्यापकांनी उघडली, मग ती मुख्याध्यापकांच्या नावानं दीडशे जणांना गेली, त्यांच्या खात्यातून पैसेही गेले. सरांना मुलगीच नाही, दोन मुलगे!

नशीब एका तरुण मॅडमनी लगेच १९३० ला फोन लावला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, पाठ करून ठेवा, पहिल्या तासादोनतासात फोन गेला तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात). थोडे वाचले, सगळे नाही. आणि आम्ही सगळे एमएससीआयटी पास हं. वेतनवाढ अडकू नये म्हणून परीक्षा दिलेली, प्रमाणपत्र फाईलला, विषय संपला.

तिरकस

आमच्या बाबांनी एमएससीआयटीत पेंटमध्ये काढलेलं घर, डोंगर आणि सूर्य अजून प्रिंट करून ठेवलंय. शासनमान्य सूर्य आहे.

सोलापुरी_चादर

सगळेच रडगाणं गाताय म्हणून दुसरी बाजू. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी, तिथले झेडपीचे डिसले गुरुजी, २०२० चं ग्लोबल टीचर प्राईझ त्यांना मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ फायनलवाल्यांना वाटून टाकले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्यासाठी ओळखले जातात. आज बालभारतीचं पुस्तक उघडा, कोड आहे, दीक्षा ॲपवर स्कॅन केला की धड्याचं साहित्य येतं. दीक्षा आलं २०१७ ला, म्हणजे साधन येऊन किती वर्षं झाली बघा.

खडूफळा

@सोलापुरी_चादर, गुरुजींबद्दल दुमत नाही, अभिमानच आहे. पण कोड पुस्तकात आहे आणि फोन बापाच्या खिशात, बाप रानात. संध्याकाळी सात ते आठ फोन घरी, त्यात तीन भावंडं. आमच्याकडं खरं वेळापत्रक हे आहे.

बरं, आता धाग्याचं खरं पुढचं सांगतो, म्हणजे तुम्हा सगळ्यांना कामाला लावून मी काय केलं ते.

प्रकल्प परत दिला. ह्या वेळी विषय दिला 'बाहत्तरचा दुष्काळ आमच्या घरात'. अट एकच, घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, फोनवर बोलणं रेकॉर्ड करायचं, आणि मग बोलून टायपिंग करतात तसं करून बघायचं. म्हटलं बघू तरी गूगल आमच्या गावचा दुष्काळ कुठून आणतंय.

ती द्राक्षवाली पोरगी तिच्या आजीपाशी बसली. आजी सांगत होती, खडी फोडायच्या कामावर जायचो, सुकडी (कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ) मिळायची, आणि रेशनला मिलो यायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. फोननं काय लिहावं? खडीचं 'घडी' केलं, सुकडीचं 'सुपारी', आणि मिलोचं 'मिळो'. म्हणजे 'रेशनला मिळो यायचा आणि सुपारी मिळायची'. पोरगी खो खो हसत वही घेऊन आली. आता मजा बघा, ज्या पोरीनं मोबाईलात आलं म्हणून नाशिकची द्राक्षं आमच्या गावात लावली, तीच मला म्हणते, सर मोबाईल चुकलाय, आजी असं म्हणलीच नाही. कारण ह्या वेळी तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं ना.

पुढं मिलो म्हणजे काय ते कळेना म्हणून तिनं नेटवर टाकलं. तर हिरव्या डब्यातलं चॉकलेटचं पेय आलं! ही आजीला जाऊन विचारते, आजी तुम्ही दुष्काळात बोर्नव्हिटा पीत होता का गं. आजीनं जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही. शेवटी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं, मग 'मिलो ज्वारी १९७२' असं टाकून शोधलं, तेव्हा सापडलं की ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी.

तिच्या वहीतली ओळ जशीच्या तशी देतो: "मिलो म्हणजे लाल ज्वारी. माहिती सांगणार माझी आजी व शेजारची दोन माणसे. मोबाईलवर पाहिले, तेथे पहिला मिलो दुसराच आहे."

बाकी ३० वह्यांत सगळं असंच झालं असं नाही. सहा जणांनी 'आजी झोपली होती' लिहून दिलंय. दोघांनी चॅटबॉटकडून आजीच लिहून घेतली, ती आजी 'आम्हाला भीषण जलसंकटाचा सामना करावा लागला' असं बोलते.

गणिताच्या_बाई

भीषण जलसंकटवाल्या आजींना माझा नमस्कार सांगा 😂 सर, त्या दोन वह्या फाडू नका, वर्गात द्राक्षवालीच्या वहीशेजारी ठेवून वाचा आणि मुलांनाच विचारा खरी आजी कुठली.

झेरॉक्सवाला

मास्तर, वाचून एक ठरवलं. येत्या सीझनला पोराचा ईमेल मी काढणार नाही, दुकानात बाजूला जुना पीसी आहे, तिथं बसवून त्यालाच काढायला लावणार. गर्दीत जमेल का माहीत नाही, जूनमध्ये दुकानात उभं राहायला जागा नसते. पण माझ्याकडे पोरांच्या पासवर्डांची दोनशे पानी वही आहे, तिची आता मलाच भीती वाटायला लागलीय.

कळफलक

ती वही आजच कुलपात टाका दादा. आणि जो जो येईल त्याला त्याचा पासवर्ड देऊन वहीतली ओळ त्याच्यासमोर काळी करा.

निवृत्त_हेडमास्तर

खडूफळा सर, त्या मुलीला सांगा की मिलोची भाकरी तुटायचीच, त्यात कणकेचा हात लावावा लागे. मी त्या वर्षी कामावर मस्टर कारकून होतो, वय वीस. सुकडीची पोती माझ्या सहीने उतरत. मस्टरचे एक पान अजून माझ्याकडे आहे, त्यावर अंगठेच अंगठे आहेत. मुलीच्या उपयोगाचे असेल तर देईन.

फक्त येथे फोटो कसा चढवतात ते कोणीतरी सांगावे. नातवाने फोन दिला आहे.

झेरॉक्सवाला

काका, पान खिडकीपाशी टेबलावर ठेवा, गादीवर नको. दिवसाउजेडी काढा. आणि वाकताना डोक्याची सावली पडू देऊ नका.